कंपनीचा भोंगा

लग्नाच्या मांडवात फाटक्या आवाजाचा भोंगा सुरू झाला की पाहुणे तोंड वाकडं करतात आणि मला मात्र हायसं वाटतं. पाठ सैल होते, पाय पसरून बसावंसं वाटतं. सून म्हणते, आईंच्या कानांना आता काही कळत नाही. कळतं गं बाई. या कानांना शिकवणारा माणूस मोठा जाणकार होता. त्याचे स्वतःचे कान इतके तयार होते, की त्यांच्यापायी एकदा आमचं अख्खं गाव गोत्यात आलं होतं.

ते दूध संघाचे पर्यवेक्षक होते. बेंबळीच्या पलीकडच्या आठ-नऊ गावांतल्या दूध संस्था त्यांच्याकडे होत्या आणि आमचं गाव त्यातलं आडबाजूचं. नाव सांगत नाही. नावानं त्यांना ओळखणारं तेव्हाही कुणी नव्हतं, सगळ्या वाड्यावस्त्यांवर ते भोंगेसाहेबच होते. सडपातळ अंगकाठी, मान जरा लांब, आणि बोलणाऱ्याकडं तोंड न करता कान करायची सवय. नवखा माणूस बिचारा त्यांच्या गालाशी बोलत राहायचा.

संघानं त्यांना मोटारसायकल दिली होती. प्रचारासाठी म्हणून खास मागवलेली. टाकीवर चामडी पिशवीत कॅसेटचा टेप, हँडलच्या पुढं एक करडा भोंगा, सगळं कंपनीतूनच बसवून आलेलं. टेप लावला की सनई वाजायची. सनई असं त्या कॅसेटवर लिहिलेलं होतं म्हणून आपण म्हणायचं. भोंग्यातून बाहेर पडायचं ते म्हणजे पत्र्यावर कुणीतरी खिळा ओढतंय असं काहीतरी. पण तो आवाज गावाबाहेरच्या पिराच्या माळावरून निघायचा आणि पार आमच्या शेवटच्या घरापर्यंत यायचा.

त्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. दुष्काळाची वर्षं होती. बाकीच्या गावांत दुधाचा टेम्पो ठरल्या वेळी जायचा, आमच्याकडं मात्र कधी पाचला यायचा, कधी सातला. धारा लवकर काढून ठेवल्या तर त्या उन्हाळ्यात दूध नासायचं, उशिरा काढल्या तर टेम्पो निघून जायचा. म्हणून साहेब टेम्पोच्या अर्धा तास पुढं यायचे. पिराच्या माळावर भोंगा वाजला की घरोघर बायका उठायच्या, म्हशीपुढं ओंजळभर पेंड ठेवायच्या आणि धारेला बसायच्या. त्याच्या आधी कुणी म्हशीच्या सडाला हात लावायचा नाही, असं ठरूनच गेलं होतं. पेंडही तेवढीच मिळायची, दिवसातून दोन ओंजळी. बाकी दिवसभर म्हशी वाळका कडबा चघळत असायच्या.

मी त्या संस्थेची सचिव होते. वय वीस, शिक्षण दहावी. आम्ही बौद्ध. घरी दोन एकर कोरडवाहू आणि एक म्हैस. गावात दहावी झालेले आम्ही दोघंच होतो आणि दुसऱ्याला पहाटे जाग येत नव्हती. तरी माझं नाव निघालं तेव्हा संस्थेचे चेअरमन घुटमळले. माणूस वाईट नव्हता, मोठा शेतकरी, चार लोकांत वावरणारा. त्यांचं म्हणणं होतं की आपली काही हरकत नाही, पण लोक काय म्हणतील, पोरीच्या हातून दूध मापून घेतील का. साहेबांनी त्यांच्याकडं कान करून सगळं ऐकलं. मग बाहेर गेले, मोटारसायकलीवर बसले आणि भोंग्यावरून माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं तीनदा पुकारलं. आजपासून संस्थेच्या सचिव, दूध यांच्याकडं घालावं.

भोंग्यावरून झालेली गोष्ट गावाला मागं घेता येत नाही. मी आत येऊन उभी राहिले, तर साहेबांनी एकुलती एक खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"बसा सचिवबाई. तुम्ही उभ्या ऱ्हायल्या तर माप हलतंय."

तोवर मला कुणी तुम्ही म्हटलेलं नव्हतं. मी बसले, ते आजही आठवलं की ऊर भरून येतो.

सगळे सुखासुखी रांगेत लागले असं मात्र नाही. कोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिची चांदी नावाची म्हैस गावात सगळ्यांत दुधाळ आणि सगळ्यांत अडेल. कोंडाबाई माझ्या मापात दूध ओतायची ते हातभर उंचीवरून, पदर सावरत, माझा वारा लागू नये अशा बेतानं. दूध उडायचं. साहेबांनी एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, आजी, एवढ्या उंचावरनं वतलं की फेस व्हतो, फेसाचं माप धरत न्हाईत. दुसऱ्या दिवसापासून कोंडाबाईचा हात खाली आला. पदर मात्र बराच काळ तसाच राहिला.

दुधाचा धंदा करून हा माणूस दुधाला तोंड लावत नसे. चहा कोराच प्यायचा, तोही बशीत ओतून, भुरका न मारता. दुसरा कुणी भुरका मारायला लागला की साहेब उठून दारात जायचे. विहिरीपाशी गेले की खडा टाकायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि अजून बारा दिवस, अजून आठ दिवस असं सांगायचे. माणसं हसायची, मग आठव्या दिवशी घागर तळाला टेकायची. दुधाचंही तसंच. कॅनमध्ये दूध पडताना ते मान कलती करायचे. पाणी घातलेलं दूध पातळ वाजतं, असं त्यांचं मत. माझ्याकडं तपासणीची काच होती तरी माझी नजर आधी त्यांच्या मानेकडं जायची. म्हशीचं रवंथ ऐकून तिचं पोट बिघडलंय हे सांगायचे आणि अडलेल्या म्हशीशी हळू आवाजात बोलायचे, तेही कानडीत. कर्नाटकच्या सीमेवरच्या मुरूम गावाकडचे होते, आईकडून कानडी आलेली. आमच्या म्हशींना कुठली कानडी येतेय, पण कान टवकारायच्या खऱ्या.

"आधी कान, मग डोळे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि अशा माणसाच्या नशिबी तो भोंगा.

त्या आवाजाचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा. माळावर टेप लावला की दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून गाडी चालवायचे आणि गावात शिरल्यावर काढायचे. संच बदलून मिळावा म्हणून संघाकडं अर्ज करायचे आणि अर्ज लिहायची मी, माझं अक्षर वळणदार म्हणून. सदर संचाचा आवाज अत्यंत कर्कश असून श्रवणास क्लेशकारक आहे, हे वाक्य मला अजून पाठ आहे. असे पाच अर्ज गेले. दरवेळी तेच उत्तर यायचं, संच चालू स्थितीत असल्यानं बदलता येणार नाही. चालू स्थितीत हा शब्द वाचला की साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे.

शेवटी त्यांनी स्वतःच मनावर घेतलं. सहा महिने सोलापूरला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं खेटे घातले. मोटारीत बसवतात तसला टेप आणला, दोन गोल स्पीकर आणले, बेंबळीच्या सुताराकडून त्यांना सागवानी पेट्या करून घेतल्या. मोटारसायकलची बॅटरी त्या टेपला पुरेना, म्हणून एक मोटारीची बॅटरी मागच्या सीटवर सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधली. कंपनीचा सगळा संच सोडवून आमच्या शाळेला देऊन टाकला, प्रार्थनेला होईल म्हणून. सनईची जुनी झिजलेली कॅसेटही त्याच्याबरोबर दिली आणि नव्या संचासाठी नवी बासरीची घेतली.

नवा संच घेऊन ते पहिल्यांदा आले ती संध्याकाळ मी विसरणार नाही. आवाज वेशीपाशी आल्यावरच ऐकू आला, पण काय आवाज होता. माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली. चेअरमन म्हणाले, असं वाटतंय वाजवणारा आपल्या वसरीवर बसलाय. साहेब गाडीजवळ उभे होते, कानात कापूस नव्हता. एवढा सुखी माणूस त्या वर्षी साऱ्या तालुक्यात नसेल. मलाही मनापासून आनंद झाला.

त्या संध्याकाळी दूध कमी आलं. आवाज ऐकत बायका रेंगाळल्या असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. सकाळी आणखी कमी. संध्याकाळी तर कॅन निम्मासुद्धा भरला नाही.

मग सुरू झालं. कुणी म्हणालं कडबा बुरसटलाय, कुणी म्हणालं टँकरचं पाणी बाधलं. कुणी नजर लागली म्हणून म्हशींच्या गळ्यात काळे दोरे बांधले. बायका सांगत होत्या की कास दगडासारखी भरलीय, पण म्हैस दूध चोरतेय, खाली सोडतच नाही. पण घराबाहेर त्यांच्या सांगण्यावर कुणाचा विश्वास नव्हता. चौथ्या दिवशी कोंडाबाईनं सगळ्यांदेखत मला विचारलं, माप हलकं धरतीस काय गं तू. रांगेतल्या बायका माझ्या हातातल्या मापाकडं बघायला लागल्या, आणि तेच मला जास्त लागलं. रात्रभर मी ते लिटरचं माप घरी पाण्यानं भरून भरून पाहिलं.

त्यातच संघाच्या दूध संकलन केंद्राचं पत्र आलं. दुष्काळामुळं डिझेल वाचवायचं होतं, म्हणून ज्या गावाचा एक कॅनही भरत नाही तिथं टेम्पो वळणार नव्हता. शनिवारी संध्याकाळी केंद्राचे मोठे साहेब स्वतः येऊन बघणार होते. एक कॅन म्हणजे चाळीस लिटर. गावात सतरा दुभत्या म्हशी उरल्या होत्या, एरवी सहज भरत होता तो. टेम्पो बंद झाला असता तर त्या वर्षी गावाला दुसरी मिळकत नव्हती. आणि माझी खुर्ची गेली असती. ती गेल्यावर गावानं काय म्हटलं असतं ते मला ठाऊक होतं. म्हणाले असते, तिच्या हातानं दूध आटलं. वडिलांचं जेवण कमी झालं होतं.

साहेबांनी सगळे गोठे पालथे घातले. रवंथ ऐकलं, श्वास ऐकला, कानडीत चौकशी केली. जनावरं ठणठणीत. ते माझ्यासमोर येऊन बसायचे आणि कपाळ चोळायचे. मापाबद्दल त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही.

शनिवार उजाडला. सकाळचंही दूध असंच आलं, तळाला. शनिवारी शाळा सकाळची. मास्तरांना तो जुना संच चालवायला बॅटरी मिळत नव्हती, ती नेमकी आदल्या दिवशी मिळाली होती. त्यांनी भोंगा शाळेच्या पत्र्यावर चढवला आणि प्रार्थनेआधी जोडणी पाहावी म्हणून जुनी सनई लावली.

मी आमच्या दारात होते. तो पत्र्यावरचा खिळा ऐकला आणि पहिल्यांदा माझ्याच मनात आलं, मेला हा आवाज परत आला. तेवढ्यात मागून वडिलांची हाक आली. वळून पाहिलं तर आमची म्हैस मान वर करून, कान शाळेकडं लावून उभी, आणि तिच्या चारही सडांतून दूध ठिबकत होतं. कुणी हात लावला नव्हता. खाली मातीत दूध पडत होतं.

मी तांब्या घेऊन खाली घातला आणि बाहेर पाहिलं तर गल्लीभर तोच गोंधळ. बायका भांडी घेऊन गोठ्यांकडं पळत होत्या. कोंडाबाई मात्र गोठ्यातून निघून तडक शाळेकडं पळत होती, त्या वयात. तिला सगळ्यांत आधी उमगलं होतं.

"मास्तर, बंद करा ते," ती शाळेच्या दारातून ओरडली. "दूध सांडाया लागलंय. सांजंला काय दावायचं सायबाला?"

मास्तरांना काही कळेना, पण त्यांनी टेप बंद केला. दूध ठिबकायचं थांबलं. मग एकेकाला उलगडत गेलं. त्या दुष्काळात बहुतेक म्हशींची रेडकं जगली नव्हती. पान्हा सोडायला पुढ्यात काही नव्हतं. त्यांनी त्या भोंग्यालाच धरलं होतं. तो खरखरला की पेंड, पेंड आली की धार, असं दोन वर्षं त्यांच्या कानांत बसलेलं. बासरीची त्यांना ओळखच नव्हती. पेंड खायच्या आणि भोंग्याची वाट बघत दूध धरून ठेवायच्या.

चेअरमननी माणूस पाठवून साहेबांना अलीकडच्या गावातून बोलावून घेतलं. ते आले, सगळं ऐकून घेतलं, आणि शाळेच्या पायरीवर बसून राहिले. कुणाला त्यांना हाक मारायचं धाडस होईना. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यांनी घेतला, प्यायले, आणि प्रथमच कान न करता सरळ माझ्याकडं पाहिलं.

"सचिवबाई, म्या माझ्याच कानाला इचारलं. म्हशीला इचारायचं ऱ्हाऊन गेलं. आन् बोल तुम्हाला लागला."

मला रडू येत होतं, पण ते बरं वाटल्याचं रडू होतं. माझं माप खरं होतं.

मग ते कामाला लागले. जुन्या संचाच्या वायरी त्यांनी काढताना रागानं छाटल्या होत्या, त्या आता वितीवितीनं जोडत बसले, खिशातल्या चाकूनं सोलून, चिकटपट्ट्या गुंडाळून. सागवानी पेट्या त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवल्या आणि मास्तरांकडं दिल्या. दुपारभर गावात असा कडेकोट बंदोबस्त होता की विचारू नका. म्हशी दचकू नयेत म्हणून कुणी मोठ्यानं बोलेना. पिठाची गिरणी बंद ठेवली. सकाळी किती दूध वाया गेलं आणि संध्याकाळी किती उरेल, याचा अंदाज कुणालाच नव्हता.

पाचच्या सुमाराला मोठे साहेब जीपमधून आले आणि माझ्यासमोर बाकावर बसले. कॅन रिकामा होता. ते घड्याळ बघत होते. तेवढ्यात पिराच्या माळावर भोंगा वाजला.

तसा कर्कश आवाज जगात नसेल. मला तो तापल्या अंगावर गार पाणी ओतल्यासारखा वाटला.

अर्ध्या तासात रांग लागली. बायका येत होत्या आणि आज कमी दूध झाकायला कुणाचंच भांडं पदराआड नव्हतं. कोंडाबाई दोन हातांनी घागर धरून आली, आज तिनं पदर सावरला नाही, दूध मापाच्या काठाला टेकवून ओतलं. मी मोजत होते आणि कॅन वर येत होता. सोळा म्हशींचं झालं तेव्हा कॅन गळ्याच्या दोन बोटं खाली होता. आमचं घर गावाच्या टोकाला, वडिलांना यायला उशीर होत होता. मोठे साहेब उठून कॅनमध्ये डोकावले. सगळी रांग मागं वळून रस्त्याकडं बघायला लागली.

वडील चरवी घेऊन येताना दिसले, दूध डुचमळू नये म्हणून अगदी जपून पाऊल टाकत.

"दादा, पाय उचला जरा," कोंडाबाई म्हणाली. "समदं गाव तुमच्यासाठी थांबलंय."

त्यांचं दूध मी मापलं आणि ओतलं. कॅन गळ्यापर्यंत भरला, थोडं बाहेरही आलं. साहेब दारात उभे होते, मान कलती, डोळे मिटलेले. दूध जाड वाजत होतं.

मोठ्या साहेबांनी झाकण लावलं, वहीत सही केली आणि टेम्पो चालू राहील असं सांगितलं. बायका मटकन जिथल्या तिथं बसल्या. चेअरमन भिंतीला टेकले.

जीपकडं जाता जाता मोठे साहेब मोटारसायकलपाशी थांबले. भोंग्याकडं बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, येताना ऐकला मी तुमचा आवाज, काय हे, कान किटले. तुमचे अर्ज आले होते नाही का मागं. आजच मंजूर करतो, कंपनीचा नवा संच बसवून घ्या.

पाच अर्ज केलेला माणूस हात जोडून उभा होता.

"नको साहेब," ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "सचिवबाई, शेऱ्यात लिहा. संच चालू स्थितीत आहे."

मी वळणदार अक्षरात लिहिलं. साहेबांनी खिशातून कापसाचे बोळे काढले, दोन्ही कानांत नीट बसवले, आणि पुढच्या गावाला निघाले.